गोळीचा उपवास

धाग्याला बॅटरी नसते, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. पुढे जे घडले ते त्या एका गोष्टीमुळे घडू शकले.

हा धागा रेशमाचा असतो. त्यावर कार्बनचा इतका पातळ लेप दिलेला असतो की बोटाला तो जाणवतही नाही. डाव्या कोपराखाली तांदळाच्या दाण्याएवढा छेद घेऊन कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये तो सरकवून ठेवतात. एरवी तो मुका असतो. परंतु त्याच्यावर रीडर, म्हणजे हातात मावणारे वाचक-यंत्र, धरला की रीडरमधून मिळणाऱ्या शक्तीने तो तेवढ्यापुरता जागा होतो आणि मज्जातंतूला दहा सूक्ष्म झटके देतो. त्या झटक्यांनी स्नायू दहा वेळा फडफडतो. निरोगी माणसाची दहावी फडफड पहिलीइतकीच जोरकस असते. थकलेल्या स्नायूची दहावी फडफड क्षीण असते. या दोहोंतील अंतरावरून यंत्र शून्य ते शंभर यांमधला एक आकडा काढते. त्यास बलांक असे नाव आहे.

बार्शीच्या एका धर्मादाय रुग्णालयात, मज्जातंतू-स्नायू विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात, मी हा रीडर धरण्याचे काम करीत असे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु अठरा वर्षे एकाच खोलीत, एकाच प्रकारच्या रुग्णांसमवेत काढल्यामुळे त्यांच्या चालण्यावरूनच मला त्यांचा बलांक अंदाजाने सांगता येई, आणि तो सहसा चुकत नसे.

माझी थोरली बहीण अनसूया, जिला आम्ही अक्का म्हणत असू, हीसुद्धा आमच्याच विभागाची रुग्ण होती. तिने सत्तावीस वर्षे एस.टी.मध्ये कंडक्टरची नोकरी केली. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तिच्या पापण्या गळू लागल्या. मग बोलता बोलता आवाज नाकात जाऊ लागला, भाकरीचा घास घशाशी थांबू लागला. आजाराचे नाव मायस्थेनिया.

हा आजार समजण्यास अवघड नाही. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून येतो आणि टोकाशी एका रसायनाच्या हाती दिला जातो. ते रसायन स्नायूच्या दारांवर थाप देते तेव्हा स्नायू हलतो. मायस्थेनियामध्ये शरीराचेच रक्षक चुकून त्या दारांवर चालून जातात आणि ती एकेक करून बंद पाडतात. रोजच्या गोळीमुळे ते रसायन जरा अधिक वेळ टिकून राहते, म्हणून उरलेल्या दारांवर भागते. दर चार आठवड्यांनी सलाइनमधून जे औषध देतात, त्याने त्या चुकलेल्या रक्षकांची संख्या कमी राहते. दोन्ही औषधे आजार बरा करीत नाहीत. ती माणसाला आहे तिथे धरून ठेवतात.

अक्काला दिवसाला चार गोळ्या असत. त्या ती आपल्या जुन्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत ठेवी. ज्या कप्प्यांत पूर्वी सुटे नाणे असे, त्यांत आता सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपतानाची गोळी असे. दर चौथ्या मंगळवारी ती पिशवी खांद्याला अडकवून येई, सलाइन घेई आणि निघताना माझ्या मेजावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करी. एस.टी.त घंटेचा एक ठोका म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला.

"सुटली गाडी," असे म्हणून ती निघे.

सहा वर्षे तिचा बलांक चौऱ्याहत्तर होता. आमच्या विभागप्रमुख डॉ. तस्नीम मोमीन तिला म्हणत, "अनसूयाबाई, तुमचा आलेख म्हणजे रेल्वेचा रूळ आहे. चढ नाही, उतार नाही."

"मॅडम, घाटातनं गाडी काढलीया मी. सपाट रस्त्याचं मोल मला इचारा," अक्का म्हणे.

२०४३ सालच्या जून महिन्यात ज्येष्ठ आरोग्य निधीचे ते परिपत्रक आले. पासष्ट वर्षांवरील माणसांच्या उपचाराचा खर्च हा निधी रुग्णालयांना देतो, आणि आमचे जवळजवळ सर्व रुग्ण त्याच्याच आधारावर होते. परिपत्रकाचे शीर्षक होते, 'बाह्यरुग्ण विशेष सेवांच्या मोबदल्यातील प्रस्तावित बदल'. आजवर निधी दर भेटीमागे मोबदला देत असे. यापुढे तो फरकामागे देणार होता. रुग्ण आत येताना त्याचा बलांक घ्यावयाचा, बाहेर जाताना पुन्हा घ्यावयाचा, आणि दोहोंतील फरक हे त्या भेटीचे फळ मानावयाचे. ज्या विभागाची सरासरी पंधराहून कमी भरेल, त्याचा मोबदला बंद होऊन तेथील रुग्ण जवळच्या पात्र केंद्राकडे वर्ग होतील. आमच्यासाठी ते केंद्र म्हणजे पुणे. तीन महिन्यांच्या चाचणीसाठी राज्यातील चार रुग्णालये निवडली होती आणि त्यांत आमचे नाव होते. हरकती व सूचना त्याच मुदतीत मागविल्या होत्या.

या प्रस्तावाच्या मुळाशी दुष्टपणा नव्हता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. कित्येक ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना विनाकारण वारंवार बोलावून, केवळ हात लावून परत पाठवीत. त्याला आळा घालणे आवश्यकच होते. निधीचे अधिकारी श्री. ऋत्विज दामले समजावून सांगण्यासाठी आले, तेव्हा त्यांनीही हेच सांगितले. गृहस्थ विनयशील होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून ते स्वतः उभे राहून बोलले.

"उपचारानं फरक पडला पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं आहे," ते म्हणाले. "यात कुणाचं नुकसान नाही."

अक्का पहिल्या बाकावर होती. तिने हात वर केला. "सायेब, एक इचारू? बार्शीला माणूस गाडीत बसला, लातूरला उतरला. बसताना जसा होता तसाच उतरला. हातपाय शाबूत. मग फरक पडला न्हाई म्हणून त्याचं तिकीट परत द्यायचं का?"

सर्वजण हसले. दामलेसाहेबही हसले. "पण आजी, त्याचं ठिकाण बदललं ना? लातूर आलं."

"माझंबी बदललंय की. जूनमधी होते, आता जुलै आला तरी हाय."

साहेबांनी मान हलविली आणि ही बाब लेखी हरकतीत मांडावी असे सुचविले. डॉ. मोमीन यांनी त्याच दुपारी मला कागद दिले आणि म्हणाल्या, "भानुदास, एकेकाला बसवून त्याची हरकत लिहून घ्या. आपल्याकडं दुसरं काहीच नाहीये."

मी एकसष्ट रुग्णांच्या हरकती लिहिल्या. अक्काच्या हरकतीला मी 'सविनय निवेदन करण्यात येते की' असा प्रारंभ केला, तेव्हा तिने पेन धरून ठेवले.

"भान्या, तुझं पुस्तकातलं नगं. मी सांगते तेवढंच लिव्ह."

तिने सांगितले ते मी जसेच्या तसे लिहिले: मला औषधानं फरक पडत न्हाई. मी हाय तशी हाय आणि त्याच्यासाठीच मी दवाखान्यात येते. मला हाय तशी राहू द्या.

जुलैअखेर आमच्या विभागाची सरासरी दोन भरली. सलाइन घेण्यास दोन तास लागतात आणि तिचा परिणाम दिसण्यास आठवडे. मग दोन तासांत आकडा हलणार कसा? रुग्णालयाच्या संचालकांनी खोली रिकामी करण्यासाठी सामानाची यादी मागवली. पुण्याला जाण्यायेण्यात दहा तास मोडतात. ज्याला मान सावरण्यासाठी हनुवटीखाली हात धरावा लागतो, त्याने दर चार आठवड्यांनी तो प्रवास कसा करावा, याचे उत्तर परिपत्रकात नव्हते. एकसष्टांपैकी चाळीस तरी जाणे सोडून देतील, असा डॉक्टरांचा अंदाज होता. अक्का त्या चाळिसांत असणार, हे मला ठाऊक होते. तिच्याने आता गाडीत पाऊण तासाहून अधिक बसवत नसे.

अशा स्थितीत ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लोकरेकाका आले. हणमंत लोकरे, वय बहात्तर, पूर्वी सूतगिरणीत यंत्रांची देखभाल करणारे जॉबर होते. ते लेकीकडे तुळजापूरला गेले होते आणि गोळ्यांचा डबा तेथेच विसरून आले होते. दोन दिवस गोळी नव्हती. एक डोळा पूर्ण मिटलेला, दुसरा त्यांनी अंगठ्याने वर उचलून धरलेला. रीडरने त्रेचाळीस दाखवले. मी घाबरून डॉक्टरांना बोलावले. त्यांनी गोळी दिली, सलाइन लावली. तासाभरात काकांचे दोन्ही डोळे उघडले. जाताना बलांक एकाहत्तर.

फरक अठ्ठावीस. फरक पंधराच्या वर गेला की रीडरचा पडदा हिरवा होतो; त्या दिवसापूर्वी तो रंग मी कधी पाहिला नव्हता.

धागा घरी मुका असतो. दोन दिवस काकांनी जे भोगले त्याची नोंद कोठेही नव्हती. नोंद होती ती दाराशी आलेल्या त्रेचाळीसची आणि दारातून गेलेल्या एकाहत्तरची. हे माझ्या ध्यानात आले आणि मी फार विचार केला नाही. पुढच्या रुग्णांना मी एकेकटे गाठून सांगू लागलो की येण्याआधी दोन दिवस गोळी घेऊ नका. येथे आलात की लगेच देऊ.

आमच्या माणसांना हे विचित्र वाटले नाही. चांगल्या कार्याआधी पोट रिकामे ठेवण्याची सर्वांना जन्माची सवय. लोकरेकाकांनीच त्याला नाव दिले, 'गोळीचा उपास'. आठ दिवसांत ते नाव बाकांवर रूढ झाले. "तुमचा कितवा?" "दुसरा." "सोसतोय का?" "जीभ जड झालीया, पर सोसतोय." अशी बोलणी मी माझ्या कानांनी ऐकत असे. एका आजीबाईंनी तर उपवास सोडताना गोळीला नमस्कार केला.

अक्कालाही मी हे सांगितले.

"कुठल्या देवाचा रं हा उपास?"

"फरकाचा," मी म्हणालो.

"पावतो का?"

"लोकरेकाकांना पावला."

"मग धरते. पर मॅडमना ठाव हाय का?"

मी रीडर पुसत राहिलो. डॉक्टरांना मी काही सांगितले नव्हते. परंतु ऑगस्टच्या अखेरीस एके सकाळी त्या माझ्या मेजाशी थांबल्या. बाहेर बाकावर नऊ माणसे बसली होती आणि नऊही जणांच्या पापण्या अर्ध्या उतरलेल्या होत्या.

"भानुदास, या महिन्यात सगळेच थकलेले दिसतायत."

"हवा दमट आहे, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या हातात त्या महिन्याचा तक्ता होता, सरासरी अठरा. त्यांनी तक्ता दुमडून खिशात ठेवला आणि त्या आत गेल्या.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा तीन महिन्यांची सरासरी तेरा पूर्णांक आठ दशांशावर अडली होती. जुलैचे ते दोन आम्हांला खाली ओढीत होते. वीस रुग्ण उरले होते आणि प्रत्येकाचा फरक पंचविसाच्या आसपास आला तरच पंधराचा टप्पा ओलांडला जाणार होता. त्या विसांत अक्का होती. ऑगस्टमध्ये दोन दिवसांच्या उपवासाने तिचा बलांक त्रेसष्टापर्यंतच उतरला होता. फरक केवळ अकरा. तिचे शरीर सहा वर्षांच्या नियमाने घट्ट झाले होते.

त्या गुरुवारी मी तिच्या घरी गेलो. भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत ती एकटी राहत असे. ती ज्वारी निवडत बसली होती. सर्दीने तिचे नाक वाहत होते.

"कसं काय चाललंय तुझ्या दुकानाचं?" तिने विचारले.

मी आकडे सांगितले. आणि मग, तिला हसविण्यासाठी म्हणा किंवा मनातील काळजीने म्हणा, मी असे बोललो, "सगळ्यांचा फरक वीस-पंचवीस येतो, अक्का. एक तूच मागं. एवढी कंडक्टर बाई, अन् परीक्षेत नापास."

"नापास व्हय?" ती हसली. "तुला नववीत तीनदा बसवला मी, त्यो कोण होता मग?"

"म्हणून तर सांगतोय. नापासाचं दुःख मला ठाऊक आहे."

"जा तू. मंगळवारी बघ माझा निकाल."

निघताना मी तिला सर्दीवर वाफ घे असे सांगितले. गोळ्यांविषयी काही सांगितले नाही. दोन दिवसांचा नियम तिला ठाऊकच होता.

मंगळवारी सकाळी दहा वाजता रिक्षावाल्याने तिला हाताला धरून आत आणले. चामडी पिशवी गळ्यात होती. मान छातीवर झुकलेली. मी तिला खुर्चीत बसविले आणि कोपराखाली रीडर धरला. एकतीस.

मला आनंद झाला. हे मी लपविणार नाही. एकतीसवरून ती चौऱ्याहत्तरला गेली तर फरक त्रेचाळीस होईल, आणि सर्व विभागाचा भार ती एकटी उचलील, हा हिशेब माझ्या मनात तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी झाला. मी तिला म्हणालो, "अक्का, पहिला नंबर!" तिने हसण्याचा प्रयत्न केला. ओठांची कडा हलली नाही.

नियमाप्रमाणे मी तिला लगेच गोळी दिली आणि पाण्याचा पेला ओठांशी लावला. गिळण्याचे स्नायूही स्नायूच असतात, हे अठरा वर्षे त्या खोलीत काढलेल्या माणसास ठाऊक असावयास हवे होते. मला ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नाही. पाणी श्वासनलिकेत गेले. तिला खोकलण्याचीही शक्ती नव्हती. नुसता घशात बारीकसा आवाज झाला आणि तिचे ओठ निळे पडू लागले.

डॉ. मोमीन धावत आल्या. तिला वर अतिदक्षता विभागात नेले, घशात नळी घातली, श्वासाचे यंत्र लावले. तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"दोन, मॅडम. सगळ्यांना दोनच सांगितले होते."

"दोन दिवसांत या एकतीसवर येणार नाहीत."

तिची चामडी पिशवी माझ्याच हातात होती. मी कप्पे उघडले. सकाळच्या कप्प्यात चार गोळ्या, दुपारच्या कप्प्यात चार, संध्याकाळच्या चार, झोपतानाच्या चार. ज्या गुरुवारी मी तिला नापास म्हणालो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने एकही गोळी घेतली नव्हती.

डॉक्टरांनी पिशवीत पाहिले. "मी ऑगस्टमध्येच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं मला."

अक्का अकरा दिवस यंत्रावर होती. पहिले चार दिवस ती गुंगीत होती. पाचव्या दिवशी दुपारी तिचे डोळे किलकिले उघडले. नळीमुळे बोलता येत नव्हते. उजव्या हाताचे एक बोट तेवढे हलत होते. मी स्टुलावर बसून तिला सर्व सांगितले. सांगितले की चूक माझी होती. सांगितले की बाकीच्यांचे फरक चांगले आले, विभाग कदाचित वाचेल, पुढच्या वेळी तिने दोनच दिवस धरावेत, मी नीट लक्ष ठेवीन, गोळी पाण्यातून न देता विरघळवून नळीने देऊ. मी पुष्कळ बोललो.

तिने बोट उचलले आणि पलंगाच्या लोखंडी कडेवर एकदा टकटक केली.

मी गप्प झालो. मला वाटले, माझ्या बोलण्याने ती दमली. थोड्या वेळाने दुसरी टकटक येईल म्हणून मी वाट पाहिली. एक आणि मग एक, म्हणजे चला. ती आली नाही. पुन्हा बोट उचलले ते पुन्हा एकदाच. तिचे डोळे माझ्यावर होते.

अकराव्या दिवशी फुप्फुसात उतरलेला संसर्ग वाढला आणि दुपारी सव्वादोन वाजता ती गेली.

ऑक्टोबरच्या अखेरीस निधीचे पत्र आले. भाषा सभ्य होती. डॉ. मोमीन यांनी ते एकदा वाचले आणि माझ्याकडे दिले. त्यात लिहिले होते की आमच्या केंद्राने पंधरा पूर्णांक एक दशांश इतकी सरासरी गाठली असून ते पात्र ठरले आहे. एका रुग्णाच्या अखेरच्या भेटीची, बाहेर पडतानाची नोंद उपलब्ध नसल्याने ती भेट गणनेत धरलेली नाही. मायस्थेनियाच्या रुग्णांमध्ये उपचाराने फरक दिसून येत नाही, अशा आशयाच्या एकसष्ट हरकती प्राप्त झाल्या. परंतु खुद्द त्याच केंद्राच्या नोंदींमध्ये भरीव फरक दिसून येत असल्यामुळे सर्व हरकती निकाली काढण्यात येत आहेत. प्रस्तावित बदल जानेवारीपासून राज्यभर लागू होतील. चाचणीकाळात सरासरी महिन्यागणिक सुधारत गेल्याचे पाहता पुढील किमान मर्यादा वीस ठेवणे वाजवी आहे.

मी ते पत्र घेऊन मेजाशी बसलो आणि कागदावर एक गणित मांडले. आत येताना एकतीस. बाहेर पडताना शून्य. ही भेट धरली असती तर सरासरी पंधराच्या खाली गेली असती. एकसष्ट हरकतींचे जे म्हणणे होते, ते त्या एका नोंदीने सिद्ध झाले असते. परंतु ती नोंद नव्हती, आणि बाकीच्या साऱ्या नोंदी माझ्या हातच्या होत्या. अक्काचे ते तीन ओळींचे म्हणणे कोणी अधिकाऱ्याने खोडले नव्हते. ते मी खोडले होते.

मी सर्व लिहून काढले. गोळीचा उपवास, तुळजापूरला राहिलेला डबा, चार कप्पे, पाण्याचा पेला. डॉ. मोमीन यांनी त्याखाली माझ्या आधी स्वतःची सही केली. निधीकडून आठ दिवसांत पोच आली: हरकतींची मुदत संपलेली असल्याने विचार करता येत नाही; नोंदींमध्ये गैरप्रकार झाल्याचे आपण कळविल्याने स्वतंत्र चौकशी होईल.

चौकशी आजवर झालेली नाही. जानेवारी मात्र आला.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी मी खोली उघडली तेव्हा बाकावर सात माणसे बसली होती. मी त्यांना काहीही सांगितले नव्हते. तरीही सातही जणांच्या पापण्या उतरलेल्या होत्या. पुढे लोकरेकाका होते. एक डोळा अंगठ्याने उचलून धरीत ते माझ्या मेजाशी आले.

"भानुदास," ते म्हणाले. त्यांचा आवाज नाकातून येत होता. "आता वीस झालंय म्हणं. म्या तीन दिस धरला. पुरंल का? का चार धरायचा?"

"कुणी सांगितलं तीन दिवस?"

"सांगाय कशाला पायजे? एक दिस जादा धरला की आकडा वाढतो. समद्यास्नी कळलंय आता. तुझ्या अक्कानं चार धरलं, तवाच तर दवाखाना ऱ्हायला म्हणत्यात."

मी काकांचा हात धरला. तो थंड होता. रीडर त्यांच्या कोपराजवळ होता. मी तो धरला असता तर पडद्यावर बहुधा पस्तीस आले असते आणि तासाभराने हिरवा रंग. मागे सहा माणसे माझ्याकडे पाहत होती.

मी मेजावर एकदा टकटक केली.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे थांबा, काका." मी रीडर बंद केला. "आज कुणाचीही नोंद होणार नाही. मॅडम येतील, प्रत्येकाचा घसा तपासतील आणि मग गोळी देतील. घरी जा, रोज चार वेळा गोळी घ्या. पुढच्या गुरुवारी या. गोळी घेऊन या."

"मग फरक कसा यायचा?"

"येणार नाही."

"दवाखाना बंद हुईल की रं."

"होईल," मी म्हणालो.

काकांनी डोळ्यावरचा अंगठा काढला. मग मागे वळून त्यांनी बाकावरच्या बाईंना सांगितले, "उपास सोडा म्हणतोय." एका म्हाताऱ्याने तोंड फिरवले. त्याचे गाव परंड्याच्या पुढे होते, आणि पुण्याला जाणे त्याला कधीच जमणार नव्हते. माझ्यावर तो रागावला असेल, तर त्यात त्याची काही चूक नाही.

पुढच्या गुरुवारी लोकरेकाका आले. दोन्ही डोळे उघडे, आवाज खणखणीत. आत येताना सत्तर. दोन तास त्यांनी सलाइन घेतली आणि मला सूतगिरणीतल्या एका मुकादमाची गोष्ट सांगितली. जाताना मी पुन्हा रीडर धरला. सत्तर.

फरकाच्या रकान्यात मी शून्य भरले. डॉ. मोमीन दाराशी उभ्या होत्या; त्यांनी येऊन सही केली. मार्चअखेर आमची सरासरी दोनच्या वर जाणार नाही आणि एप्रिलपासून या खोलीला कुलूप लागेल. बाकावरच्या कितीजणांना पुणे गाठता येईल, याची यादी डॉक्टरांच्या खिशात आहे. ती लहान आहे.

लोकरेकाका कोणाचाही हात न धरता उठले, चपला घातल्या आणि आले होते तसेच दारातून बाहेर गेले. मी दोनदा टकटक केली आणि पुढच्या माणसाला बोलावले.